चहातली गोळी आणि भावाचा नकार

प्रश्न सातपूरच्या एका ताईंचा आहे. त्यांचा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करीत होता. गेले नऊ महिने त्याला वाटते आहे की वरच्या मजल्यावरचे लोक बाथरूमच्या पाइपातून घरात कसला तरी वायू सोडतात. त्याने नोकरी सोडली, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, तो रात्ररात्र जागा असतो आणि महिनाभरापासून घरचे अन्न जेमतेम निम्मे खातो. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले असून दाखल करावे असे सुचवले आहे. मामांचे म्हणणे, दाखल कशाला, औषध चहातून द्या. आणि भाऊ एका शांत संध्याकाळी बहिणीला म्हणाला, "मला धरून सुई टोचलीत, तर तो माझ्यावर अत्याचार असेल, आणि तो तुम्ही केलेला असेल." ताईंनी विचारले आहे की, जबरदस्ती केली तर ती नीतीला धरून होईल का, आणि कायदा काय म्हणतो.

नाशिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ म्हणून मला २७ वर्षे झाली. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय अशी स्थिती झालेली शेकडो घरे या काळात मी पाहिली, आणि दोन्ही बाजूंनी चुकाही केल्या. त्यातल्या दोन पुढे सांगणार आहे.

भावाचे ते वाक्य आजाराचे लक्षण समजून बाजूला सारू नका, ही माझी पहिली विनंती. पाइपातल्या वायूची कल्पना हा भ्रम आहे. आपल्या संमतीवाचून कोणी आपल्या शरीरात औषध घालणे हा अत्याचार आहे, हे म्हणणे भ्रम नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेला नकार देणाऱ्या माणसाला आपण टेबलावर बांधून ठेवत नाही. साखर चारशेवर गेलेला गृहस्थ इन्शुलिन घेणार नाही म्हणाला, तर डॉक्टर चिडतात, घरचे रडतात, पण त्याला कोणी कोंडून ठेवत नाही. मग मनाच्या आजारातच नकाराची किंमत कमी का धरावी? "कारण त्याला मनाचा आजार आहे" हे उत्तर पुरेसे नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हे उत्तर स्वीकारतही नाही. या कायद्यानुसार प्रश्न निदानाचा नसून निर्णयक्षमतेचा आहे. उपचारासंबंधीची माहिती त्या व्यक्तीला कळते का, निर्णय घेण्याचे किंवा न घेण्याचे परिणाम तिच्या ध्यानात येतात का, आणि आपला निर्णय तिला बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगता येतो का, एवढेच त्यात पाहायचे असते. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तर केवळ तेवढ्यावरून तिची क्षमता नाही असे म्हणता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

व्यवहारात हा भेद कसा दिसतो ते सांगतो. एक रुग्ण म्हणतो, "ही गोळी घेऊन माझे वजन चौदा किलो वाढले, मशीनसमोर डुलक्या येतात, मला ती नको." दुसरा म्हणतो, "गोळी नको, कारण तिच्यात चिप आहे आणि ती वरच्या मजल्यावरून चालवतात." दोघांचे निदान एक, केसपेपरवरचा शेराही एकच : रुग्ण औषधास नकार देतो. परंतु पहिल्याचा नकार हा कोणाही शहाण्या माणसाचा नकार आहे आणि त्याला उत्तर म्हणून औषध बदलावे लागते. दुसऱ्याच्या नकारात आजार स्वतःच्याच वतीने बोलतो आहे. आमच्या व्यवसायाची लाज वाटावी अशी गोष्ट ही की पहिल्या प्रकारच्या नकारालाही आम्ही वर्षानुवर्षे "इनसाइट नाही", म्हणजे आपल्या आजाराची जाणच नाही, असे नाव देत आलो. म्हणून ताई, भाऊ नको म्हणतो हे तुम्ही कळवलेत, पण का नको म्हणतो ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो वायूबद्दल बोलतो की पूर्वी कधी घेतलेल्या औषधाच्या त्रासाबद्दल, की शेजारच्या कोणाला दाखल केलेले त्याने पाहिले आहे त्याबद्दल, हे विचारल्याशिवाय पुढचे काहीही ठरवता येणार नाही.

आता मामांचा सल्ला. भारतात मानसोपचारातील सर्वांत मोठी जबरदस्ती रुग्णालयात होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. तिची नोंद कोठेही नसते, तिच्यावर कोणतेही मंडळ देखरेख करीत नाही आणि करणाऱ्यांच्या मनात प्रेमाखेरीज दुसरे काही नसते. वरणात कुटलेली गोळी, ताकात मिसळलेले थेंब, चहात विरघळवलेली, खरे तर जिभेवर विरघळण्यासाठी बनवलेली गोळी. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत. समोर थकलेली आई असते, मुलगा दारातून आत पाऊल टाकत नसतो, आणि राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. सगळ्यांत जवळचे ठाणे, तेही कसारा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी बेचव थेंबांची बाटली हा दयेचाच मार्ग वाटतो.

माझे मत बदलले ते एका सकाळमुळे. पंचवटीतल्या एका घरी आई सहा आठवडे मुलाला चहातून गोळी देत होत्या. तो सुधारत होता, आंघोळ करू लागला होता, संध्याकाळी गोदाघाटापर्यंत चक्कर मारून येत होता. एके दिवशी त्याने आईचा चमचा जरा जास्त वेळ ढवळताना पाहिला आणि कप तिच्याकडे सरकवून म्हणाला, "आई, आधी तू पी." त्या प्यायल्या. दुसरे काय करणार होत्या? अर्ध्या तासात त्यांना गुंगी आली आणि त्या संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आडव्या होत्या. मुलगा शेजारी बसून होता. घरचे लोक माझ्या जेवणात काहीतरी घालतात, हा ज्याचा मूळ भ्रम, त्याच्या हाती आम्ही पुरावा ठेवला होता. त्यानंतरची तीन वर्षे तो आईच्या हातचे जेवला नाही. आजार पुढे औषधाने आटोक्यात आला, पण ती गोष्ट औषधाने आटोक्यात येण्यासारखी नव्हती, कारण ती खरी होती.

याखेरीज वैद्यकीय धोके आहेतच. नकळत दिलेल्या औषधाचे दुष्परिणाम रुग्ण कोणाला सांगणार? हात थरथरू लागले, जीभ जड झाली, पायांत बेचैनी आली, तर तुमचा भाऊ तो दोष पाइपातल्या वायूलाच देईल आणि भ्रम अधिक घट्ट होईल. क्लोझापिनसारख्या औषधाला तर नियमित रक्ततपासणी लागते. पांढऱ्या पेशी घटल्या तर जिवावर बेतते. औषध घेतो आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे रक्त काय सांगून काढणार? आणि बरे वाटू लागले, तर ते औषधाने वाटले हे न कळल्यामुळे पुढे स्वतःहून गोळी घेण्याची वेळ कधी येतच नाही. दाखल करण्यापेक्षा हा मार्ग सौम्य आहे असे मामांना वाटते. मला तो अधिक कठोर वाटतो. रुग्णालयात माणसाला निदान माहीत तरी असते की आपल्यावर सक्ती होते आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

तुम्ही चहातून देणे आधीच सुरू केले असेल, तर हे वाचून उद्या एकदम थांबवू नका. औषध कोणते, किती मात्रा, किती दिवस, हे डॉक्टरांना खरेखरे सांगा. त्यांच्यापासून लपवणे हा याहून मोठा धोका आहे.

रुग्णालयाच्या दारापाशी कायदा पुष्कळ बोलतो. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नातेवाइकाचा अर्ज आणि दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे एवढ्यावर माणसाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. २००३ च्या सुमारास मी अशाच एका प्रमाणपत्रावर सही केली. पतीने आणलेली बाई, वय चाळीसच्या आतले, पतीचे बाहेर संबंध आहेत असे पुन्हापुन्हा सांगत होती, रडत होती, ताट भिरकावत होती. मी लिहिले : संशयाचा भ्रम. अकराव्या दिवशी तिचा भाऊ आला, तेव्हा कळले की ती सांगत होती ते सगळे खरे होते, पत्त्यासकट. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण चूक इमारतीची नव्हती. मी तिच्याशी वीस मिनिटे आणि पतीशी पाऊण तास बोललो होतो. तो हिशेब मला आजही चुकवता आलेला नाही.

२०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात दाखल होण्याचा पहिला मार्ग स्वतःच्या इच्छेचा आहे. ज्याला निर्णयासाठी फार मोठा आधार लागतो, त्याच्यासाठी कलम ८९ आहे. रोजच्या बोलण्यात आम्ही त्याला सपोर्टेड ॲडमिशन म्हणतो. त्याच्या अटी तुमच्या बाबतीत लावून पाहा. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत भावाला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे. आजार गंभीर असून त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली वा प्रयत्न केला असेल, किंवा तो दुसऱ्यावर हिंसक झाला असेल वा कोणाला तशी भीती वाटावी असा वागला असेल, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके जमत नसेल की त्यामुळे त्याला अपाय होण्याचा धोका आहे, यांपैकी एक तरी गोष्ट दोघांनाही आढळली पाहिजे. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा उपाय त्या परिस्थितीत उपलब्ध नसावा. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. या काळात दर सात दिवसांनी त्याची क्षमता पुन्हा तपासायची, आणि ती परत आलेली दिसली की ही सक्ती संपते. पुढे राहायचे की नाही हे तो ठरवतो. दाखल केल्याची सूचना मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला पुरुषाच्या बाबतीत सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत द्यावी लागते. या मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, आणि स्वतः आजार अनुभवलेल्या किंवा अशा माणसाची देखभाल करणाऱ्या व्यक्तींनाही तेथे स्थान आहे. भाऊ मंडळाकडे स्वतः अर्ज करू शकतो आणि त्याला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. हे त्याला तुम्हीच सांगा. लपवून ठेवू नका.

उपचाराच्या निर्णयांत आधार देण्यासाठी कायद्यानुसार त्याने कोणाला प्रतिनिधी नेमलेले नसेल, तर नातेवाईक म्हणून आई किंवा तुम्ही ती भूमिका घेऊ शकता. मात्र प्रतिनिधी म्हणजे मालक नव्हे. उपचाराला त्याच्या जागी तुम्ही संमती द्यायची ती तात्पुरती, आणि त्याला जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तेव्हाच. आणीबाणीत, म्हणजे जिवाला धोका किंवा स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा होण्यासारखा तातडीचा प्रसंग असेल तेव्हा, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्यात शॉक देता येत नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता शॉक देणे तर कोणत्याही परिस्थितीत बेकायदा आहे, आणि साखळदंडही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागून २८ माणसे जळून गेली; साखळीने जखडलेली असल्याने त्यांना पळता आले नाही. त्यांना तेथे आणणारे नातेवाईकही बहुधा प्रेमानेच घेऊन आले असतील.

आपल्याकडे जबरदस्तीचा सर्वांत वाईट भाग पुष्कळदा दवाखान्याच्या आधीच उरकलेला असतो. रात्री दोन वाजता चार अनोळखी दांडगे घरात शिरतात, पंचाने हात बांधतात आणि गाडीत कोंबतात. कोण, कुठे, कशासाठी, हे कोणी बोलत नाही. त्यासाठी पैसे घेणारी माणसे सर्वत्र मिळतात. त्यांना बोलावू नका. नेण्याची वेळ आलीच, तर दिवसा न्या, ओळखीचा एक माणूस पूर्ण वेळ त्याच्याशी बोलत राहू द्या, आणि त्र्यंबकला पूजेला चाललो आहोत अशी थाप मारून दवाखान्यात आणू नका. "आम्ही तुला दवाखान्यात नेतो आहोत, तुला नको आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि तरीही नेतो आहोत" हे वाक्य उच्चारायला फार जड जाते, पण खोटे बोलून आणलेला रुग्ण पुढचे महिनाभर माझ्याही कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये भूमिका घेतली की एखाद्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेण्याची पद्धतच बंद व्हावी. माणसाला आधार द्यावा, पण त्याची इच्छा बाजूला सारू नये. आपला कायदा तेवढा पुढे गेला नाही. समितीचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. ज्यांच्यावर हे उपचार झाले त्यांचा आवाज त्यामागे आहे, आणि सोव्हिएत काळात सरकारविरोधी माणसांना "मंद गतीचा स्किझोफ्रेनिया" असे लेबल लावून कोंडल्याचा इतिहास आमच्याच शास्त्राचा आहे. तरीही संपूर्ण बंदी मला पटत नाही, आणि त्याचे कारण माझी दुसरी चूक आहे.

निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार, एकटा राहणारा, माझ्याकडे दोनदा आला आणि म्हणाला, "मला काही नको, मला जाऊ द्या." नवा कायदा नुकताच लागू झालेला, त्याच्या हक्कांविषयी मी दक्ष होतो. "उपचारास इच्छुक नाही" असे लिहून त्याला जाऊ दिले. त्याला परिणाम समजतात का, हे मी नीट तपासले नव्हते. हक्काचा आदर म्हणून जे केले ते खरे तर अंग काढून घेणे होते. चार महिन्यांनी शेजाऱ्यांनी त्याला आणले, तेव्हा पायाच्या जखमेत किडे होते आणि त्या जखमेतून आपल्याला संदेश येतात म्हणून तो ती धुऊ देत नव्हता. पाय घोट्यावर कापावा लागला. बरा झाल्यावर त्याने मला शांतपणे विचारले, "डॉक्टर, तेव्हा माझ्या हो-नाहीचं एवढं मनावर का घेतलंत?" ज्यांच्यावर मी सक्ती केली, त्यांपैकी काहींनी नेमके याच्या उलटेही विचारले आहे. सक्तीबद्दल मागाहून आभार मानणारे जसे असतात, तसे वीस वर्षांनंतरही माफ न करणारे असतात, आणि कोण कोणत्या बाजूला जाईल हे सही करताना कळत नाही.

सक्तीचा उपयोगही वाटतो तेवढा लांब टिकत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयातून सोडल्यानंतरही औषध घेण्याची कायदेशीर सक्ती ठेवून पाहिली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशी सक्ती असलेल्या गटात आणि तुलनेच्या गटात, दोन्हींत वर्षभरात सुमारे ३६ टक्के रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागले. तीव्र अवस्थेत सक्ती माणसाला पलीकडच्या काठावर नेते. पुढचे चालणे त्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून माझी मर्यादा अशी : क्षमता गेलेली असावी, अपाय दिसत असावा, मुदत थोडी असावी, सगळे उघडपणे केलेले असावे आणि मागाहून त्याचा जाब देण्याची तयारी असावी. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तरी मी सही करीत नाही.

जाब देणे म्हणजे काय, हे सांगायला हवे. माणूस सावरल्यावर, घरी जाण्यापूर्वी, मी त्याच्यासमोर बसतो आणि त्या रात्री काय झाले ते त्याच्याच तोंडून ऐकतो. कोणी धरले, कुठे दुखले, कोणता शब्द लागला. मग पुढच्या वेळेसाठी लिहून घेतो. कायद्यात याला पूर्वनिर्देश म्हणतात. कोणताही सज्ञान माणूस, आजार असो वा नसो, तो करू शकतो, फक्त आणीबाणीच्या उपचाराला तो लागू होत नाही. माझ्या एका रुग्णाने लिहिलेले पान मला पाठ आहे : हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन नको, त्याने मान वाकडी झाली होती, ओलान्झापिन चालेल, खोलीचा दिवा रात्री चालू ठेवावा, चष्मा काढून घेऊ नये, मोठ्या भावाला कळवू नये, धाकटीला कळवावे. या थोड्याशा ओळींनी पुढच्या वेळची सक्ती निम्म्याने कमी झाली, कारण धाकटी आली आणि तो तिच्याबरोबर चालत आला.

तुमच्या भावाबद्दल, पत्रावरून दिसते तेवढ्यावर, माझे मत असे आहे. त्याचे खाणे निम्म्यावर आले आहे आणि झोप गेली आहे, पण तो अजून तुमच्याशी बोलतो. कलम ८९ ची वेळ कदाचित येईल. आज आली आहे असे मला वाटत नाही. या आठवड्यात डॉक्टरांना घरी येण्याची विनंती करा, ते शक्य नसेल तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, क्रमांकावर तुम्ही स्वतः बोला. भावाला वायूवरून वाद घालून पटवू नका. झोप नाही, हे त्यालाही मान्य असेल. झोपेसाठी औषध घेशील का, एवढेच विचारा. पुष्कळांचा पहिला होकार त्या वाटेने येतो, आणि त्यात फसवणूक नाही, फक्त औषध आणखी काय करते हेही त्याला सांगायचे. त्याचे वजन दर रविवारी करा आणि लिहून ठेवा. वजन सतत उतरत गेले, पाणी बंद झाले, किंवा वरच्या मजल्यावर जाऊन जाब विचारण्याची भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, थांबू नका. तोवर त्याला संशय येणार नाही असे खायला ठेवा : केळी, सालासकट उकडलेली अंडी, भाजलेल्या शेंगा, बंद पुड्यातली बिस्किटे. आणि चहा त्याचा त्याला करू द्या. पातेले त्याने ठेवावे, साखर त्याने घालावी, आणि जमले तर तुमच्यासाठीही एक कप त्यानेच ओतावा.